झाकली मूठ, सैल पट्टा

२ मार्च, रविवार

पिस्तूल घेतलं. इथे लिहितोय, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. कोणाला कळता कामा नये हाच तर त्यातला सगळा मुद्दा. लवर्नला तेवढं सांगितलं, कारण बायकोपासून कमरेला बांधलेलं काय लपवणार. ती भांडी पुसत होती. "बरं," म्हणाली आणि पुढची बशी हातात घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, निदान दचकायचं तरी.

कारण सरळ आहे. आमच्या चर्चच्या मागे एसीचं यंत्र आहे, त्याची तांब्याची नळी कोणीतरी कापून नेली. आज नळी नेली, उद्या काय नेतील कोणी सांगावं. आणि ईस्टरच्या आधी पेझली येणार आहे. माझी नात. सहा वर्षांची झाली, आईबापाला सोडून पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला येणार. मागच्या खोलीला मी पिवळा रंगसुद्धा देऊन ठेवलाय. पोर माझ्या भरवशावर येणार आणि मी हात हलवत बसू? जन्मभर गावाचे फ्रीज दुरुस्त केले, पोरगा असताना खारी मारल्या. यंत्र आणि नेम, दोन्ही माझ्या हाताखालून गेलेली आहेत.

३ मार्च, सोमवार

माझी जीभ एक दिवस माझा घात करणार. रोंडा, म्हणजे आमची मुलगी, दर सोमवारी नॅशव्हिलहून फोन करते. पेझलीला काय खायला आवडतं, काय चालत नाही असं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, तू काही काळजी करू नकोस, आता या घराकडे वाकड्या नजरेने कोणी बघणार नाही. तिने विचारलं, का, कुत्रा पाळलास? मग मी फुशारकीत सांगून टाकलं.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "डॅडी, तू ती वस्तू नीट शिकल्याशिवाय आणि मला खात्री पटल्याशिवाय पेझली तुझ्याकडे येणार नाही." मी म्हटलं, अगं, मी तुझ्या जन्माच्या आधीपासून... ती म्हणाली, "खारींचं मला सांगू नकोस."

म्हणजे जिच्यासाठी घेतलं तीच येणार नाही. पिवळ्या खोलीत काय मी एकटा जाऊन झोपू? लवर्न म्हणाली, गावाबाहेरच्या मैदानावर मिस ग्लेना शनिवारी वर्ग घेते, जा. आधी शेरीफकडे नोकरीला होती ती, आता लोकांना पिस्तूल बाळगायला शिकवते. तुला कसं ठाऊक, असं मी विचारलं. लवर्न म्हणाली, ती आमच्या गोधड्यांच्या मंडळात आहे.

९ मार्च, रविवार

आज पहिल्यांदा चर्चला नेलं. उजव्या कमरेला, पँटच्या आत, वरून मासेमारीचं जाकीट. आत गेल्यावर पहिला गोंधळ. आमच्याकडे प्रार्थनेआधी सगळे सगळ्यांना मिठ्या मारतात, ही पद्धत माझ्या ध्यानातच नव्हती. एस्टेल दोन्ही हात पसरून आली. ही बाई चर्चचं स्वयंपाकघर चालवते आणि गावातली कुठलीही बातमी हिच्या चुलीवरून गेल्याशिवाय शिजत नाही. मी डावा खांदा पुढे करून अर्धवट वळलो, तिच्या पाठीवर थाप मारली आणि सटकलो. बाकीच्यांनाही तसंच चुकवलं. उजव्या बाजूला कोणाचा हात म्हणून लागू दिला नाही.

पट्टा मात्र जरा सैल आहे. वजनाने पँट खाली येते, मग सारखं कोपराने दाबून धरावं लागतं. एस्टेलने लांबून विचारलं, हॉबर्ट, बरा आहेस ना? मी म्हटलं, जरा जड जड वाटतंय, होईल सवय. ती म्हणाली, या वयात जड काही उचलू नकोस बाबा. प्रेमळ आहे बिचारी.

१२ मार्च, बुधवार

दुकानात वरच्या फळीवरचा ओट्सचा डबा काढायला हात वर केला. मागून एक बाई हळूच म्हणाली, "साहेब, तुमचं दिसतंय." मी पँट वर ओढली आणि मान खाली घातली. नव्या चड्ड्या घ्यायला हव्यात. पिस्तुलाचा मात्र कोणाला पत्ता नाही. मी डबा घेऊन वळलो तर मागच्या रांगेतले लोक भराभर बाजूला झाले. आमच्या गावात म्हाताऱ्या माणसाला अजून मान आहे.

१५ मार्च, शनिवार

मिस ग्लेनाचा वर्ग. सोबत म्हणून लवर्न आली. तिला म्हटलं, कंटाळशील, विणकाम तरी घे. ती म्हणाली, बघू.

ग्लेना उंच, सुकी बाई. आवाज चढवत नाही आणि तिच्यासमोर कोणी बोलतही नाही. तिने सगळ्यांच्या हातात निळी रबरी पिस्तुलं दिली. खेळण्यातली. मी म्हटलं, बाई, मी खऱ्यावर हात बसवलेला माणूस आहे. ती म्हणाली, "छान. मग रबरीवर तुमचं काही चुकणार नाही."

आणि पहिल्याच मिनिटाला मला पकडलं. पिस्तूल उचललं की माझं बोट आपोआप चापावर जातं म्हणे. बोट बाहेर, नळीला लागून सरळ. गोळी सुटावी असं ठरवेपर्यंत ते आत जायचं नाही. पिस्तूल रिकामं आहे असं कोणी देवाशपथ सांगितलं तरी भरलेलंच समजायचं. जे मोडलं तर चालणार नाही त्याच्याकडे नळी फिरवायची नाही. आणि समोर काय आहे ते बघून पुरत नाही, त्याच्या मागे काय आहे तेही माहीत पाहिजे. तासभर हेच. मी बोलताना हातवारे करतो, ते माझ्या अंगवळणी पडलंय, तर दर वेळी ती माझं मनगट धरून खाली वळवत होती. शेजारचा तरुण शेतकरी म्हणाला, आजोबा, तुम्ही मला सकाळपासून किती वेळा मारलंत. वर्ग हसला. मीही हसलो, पण मनातून राग आलाच.

मग खरा गोळीबार. मी आपल्या वेगाने झाडल्या. माझ्या कागदावर दोनच भोकं निघाली, पण शेजारच्या शेतकऱ्याच्या कागदावर त्याने झाडल्या त्यापेक्षा जास्त निघाली. वारा होता.

लवर्नलाही ग्लेनाने उभं केलं. मी म्हटलं, हळू हं, धक्का बसेल. बिचारी इतकी घाबरली होती की जागची हललीसुद्धा नाही. त्यामुळे तिच्या सगळ्या गोळ्या एकाच भोकातून गेल्या. मी तिला समजावलं, नवशिक्याचं नशीब असतं, वाईट वाटून घेऊ नकोस. ग्लेना दुसरीकडे तोंड करून खोकत होती.

शेवटी ती म्हणाली, खोलीत ज्याच्याकडे पिस्तूल आहे हे कोणालाच कळत नाही, तोच खरा तयार माणूस. मी वर्गावरून नजर फिरवली. सगळ्यांच्या शर्टाला फुगवटे. माझ्याइतकं झाकून नेणारा एकही नव्हता.

त्यानंतर संडासाचा धडा. खरंच. बसायची वेळ आली की पिस्तूल होल्स्टरमधून, म्हणजे त्याच्या म्यानातून, बाहेर काढायचं नाही, फळीवर ठेवायचं नाही, आकड्याला टांगायचं नाही. होल्स्टरसकट पँटमध्येच ठेवून गुडघ्यांमध्ये धरून बसायचं. मोठ्या माणसांना आता हे शिकवायची वेळ आली. तेवढ्या वेळात मी बाहेर जाऊन लिंबाचं सरबत पिऊन आलो.

१७ मार्च, सोमवार

रोंडाने विचारलं, वर्ग कसा झाला. मी म्हटलं, ग्लेनाला मला शिकवण्यासारखं फारसं उरलं नाही. रोंडा म्हणाली, नेम? मी म्हटलं, एकही गोळी कागदाबाहेर गेली नाही. खोटं नाही ते. कागद कोणाचा, हे तिने विचारलं नव्हतं.

तिचा सूर जरा मऊ झाला. पेझली मला, म्हणजे आजोबाला, पापॉ म्हणते; ती मागून ओरडली, "पापॉ, माझी खोली खरंच पिवळी आहे?" रोंडा म्हणाली, अजून मी हो म्हटलेलं नाही. मला रात्री जेवण गेलं नाही.

२० मार्च, गुरुवार

लवर्न गोधड्यांच्या मंडळातून आली. दर पंधरवड्याला गुरुवारी जाते, वर्षानुवर्षं. एक गोष्ट मला अजून उमगलेली नाही. गोधड्या शिवून आली की हिच्या बाह्यांना फटाक्यांचा वास येतो. कापूस जळका घेतात की काय. आणि इतक्या वर्षांत एक गोधडी घरात आली नाही, सगळ्या गरिबांना देतात म्हणे. भाबडी आहे, लोक फायदा घेतात.

२३ मार्च, रविवार

मिठ्या चुकवण्यात आता हात बसलाय. आज तर कोणी फार जवळ आलंच नाही. उलट येता-जाता हळू आवाजात "कसं वाटतंय?" विचारत होते. मी कोपराने बाजू दाबून म्हणालो, चाललंय, आपलं दुखणं आपल्यापाशी. एस्टेलच्या डोळ्यांत पाणीच आलं.

ब्रदर वेंडेल, आमचे पास्टर, तरुण आहेत, मनाचे चांगले. प्रवचनानंतर म्हणाले, "आपल्यातला एक भाऊ एका खाजगी व्याधीने त्रासला आहे, शस्त्रक्रियेची भीती वाटते म्हणून कोणाला सांगत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करू." मी इकडेतिकडे बघितलं, कोण असेल बिचारा. मग डोळे मिटून मनापासून प्रार्थना केली. लवर्नला हुंदका आवरेना. रुमालात तोंड खुपसून नुसती गदगदत होती.

२६ मार्च, बुधवार

एस्टेलने भांडंभर चिकन-नूडल पाठवलं. संध्याकाळी दुसरीकडून मक्याचा पाव आणि घेवडा आला. शिवाय केळ्याचं पुडिंग, चिठ्ठीसकट: "हर्नियाला घाबरू नका, माझ्या भावाचं अर्ध्या तासात झालं." घर चुकलेलं दिसतंय, पण पुडिंग परत कोण पाठवणार. लवर्नला म्हटलं, कोणाचा तरी गैरसमज झालाय. ती म्हणाली, असेल, चमचा दे.

३१ मार्च, सोमवार

हो म्हणाली. रोंडा हो म्हणाली.

पूर्ण नाही, अटी आहेत. घरात असताना कुलपाची पेटी. पेझलीसमोर काढायचं नाही. आणि तिची खास अट: "काही चुकलं, कितीही छोटं असलं, तरी तू मला सांगायचं. आईने नाही, एस्टेलने नाही. तू." मी म्हटलं, चुकेल कशाला. ती म्हणाली, "डॅडी, मी ते विचारलं नाही." मी म्हटलं, बरं, सांगेन.

बारा तारखेच्या शनिवारी आणून सोडणार. मी पिवळ्या खोलीत जाऊन उगाच खिडकी उघडून बंद केली.

६ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहितो.

चर्चला लवकर गेलो. घरून निघताना खाल्लेलं बाधलं असावं, प्रार्थनेआधी पुरुषांच्या संडासात जावं लागलं. पट्टा सोडला तर होल्स्टर गळून खाली जायला लागलं. पिस्तूल फरशीवर आपटायला नको म्हणून ते काढून भिंतीवरच्या कागदाच्या डब्यावर ठेवलं. तेवढ्यात बाहेर ऑर्गन सुरू झाला. मी मागच्या ओळीत खर्जात गातो, माझ्याशिवाय पहिलं गीत उभं राहत नाही असं माझं मत आहे. घाईघाईने पट्टा आवळला, हात धुतले, पळालो. बरं हलकं वाटत होतं. मला वाटलं पोट मोकळं झालं म्हणून.

तीन गीतं म्हटली. ब्रदर वेंडेल प्रवचनाला उभे राहिले, पण पुस्तक उघडलं नाही. म्हणाले, "सुरुवातीआधी एक सूचना. पुरुषांच्या स्वच्छतागृहात कोणाची तरी एक वस्तू राहिली होती. मी ती माझ्या खोलीत कुलपात ठेवली आहे. ज्याची आहे त्याला कळेलच."

आणि मग मी जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. सगळ्या चर्चभर हात हलले. पुढच्या बाकावरच्या डीकनचा, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याचा, हात कमरेला. त्याच्या भावाचा काखेत. दारात उभ्या असलेल्याचा पाठीमागे. ऑर्गनवाल्या बाई तर वाकून घोट्यापाशी चाचपत होत्या, त्यांचा तर संडासही वेगळा. लवर्नचासुद्धा हात पिशवीत गेला आणि लगेच बाहेर आला, रुमाल शोधत असेल. सगळ्यांनी आपलं आपलं जागेवर आहे बघून श्वास सोडला आणि मग एकमेकांकडे बघून पटकन छताकडे बघायला लागले. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मला इतकं हसू आलं की बाक हलायला लागला. म्हटलं, कोण हा गाढव.

हसता हसता सहज माझाही हात कमरेला गेला.

प्रवचन कशावर होतं, मला ठाऊक नाही. ते संपल्यावर ब्रदर वेंडेलच्या खोलीत गेलो. त्यांनी दार लावलं. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "हॉबर्ट, खाऊच्या आधी बालवर्गाची मुलं हात धुवायला तिथे येतात, हे तुम्हाला माहीत आहे ना? रांग दारापर्यंत आली होती. आत दिवा लुकलुकतोय म्हणून बाईंनी मला आधी पाठवलं. दिवा नीट असता तर मी गेलोच नसतो." मग म्हणाले, "त्यात गोळी भरलेली होती."

मला माहीत होतं. मीच भरली होती.

बालवर्ग म्हणजे पाच-सहा वर्षांची पोरं. एवढीएवढीशी. डब्यापर्यंत हात पोचतो त्यांचा. मी खुर्चीत बसलो आणि रडलो. या वयाचा माणूस, पास्टरसमोर. त्यांनी पाणी दिलं. पिस्तूल मात्र दिलं नाही. म्हणाले, "हे मी तुमच्या हातात देणार नाही. मिस ग्लेनाला फोन केलाय, ती घेऊन जाईल." मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं.

गाडीत लवर्नला सगळं सांगितलं, त्या रांगेचंसुद्धा. घरी आल्यावर माझा हात हातात घेऊन बसून राहिली. एस्टेलची भांडी टेबलावर तशीच होती. रात्री लवर्न मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ फोनवर बोलत होती, गोधड्यांच्या मंडळातली असेल कोणी.

७ एप्रिल, सोमवार

रोंडाला सांगायला हवं. सांगितलं की पेझली येणार नाही, हे दगडावरची रेघ. न सांगितलं तर येईल. कोणाला कळणार आहे? नॅशव्हिल लांब आहे. ब्रदर वेंडेल बोलणार नाहीत. आणि तसं पाहिलं तर झालं काहीच नाही. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

असं दिवसभर स्वतःला सांगत होतो. आज सोमवार, फोनची वेळ झाली तसा मी घड्याळाकडे बघत बसलो. नेमका आजच रोंडाचा फोन आला नाही. कामात असेल. सुटलो म्हणून मी चक्क हुश्श केलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

लवर्नने फोन चार्जरवरून काढला आणि माझ्या बशीशेजारी ठेवला. चमचे ठेवतात तसा.

८ एप्रिल, मंगळवार

ग्लेनाकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, दारात सगळं विसरलो. म्हटलं, मिस ग्लेना, मला संडासाचा धडा परत शिकवा.

ती हसली नाही. आत नेलं, निळं रबरी पिस्तूल पुढ्यात टाकलं. म्हणाली, पहिल्यापासून. पट्टा आधी. माझा कापडी पट्टा बघून तिने कपाळाला हात लावला. जाड, ताठ चामड्याचा दिला. होल्स्टर असं हवं की चाप पूर्ण झाकला जाईल आणि पँट सोडली तरी पिस्तूल त्यातून हलणार नाही. म्हणजे बाहेर काढायची वेळच येत नाही. सारखं दाबायचं नाही, चाचपायचं नाही. परत ठेवताना घाई नाही, बघून, बोट बाहेर, शर्टाचं टोक आत गेलं नाही ना हे पाहून. मला खुर्चीवर बसवून उठवलं, वाकवलं, वरच्या फळीवरचं काढायला लावलं. फळीच्या वेळेला म्हणाली, "दिसतंय." तेव्हा मला दुकानातली बाई आठवली आणि कान गरम झाले. चड्डी नव्हती ती.

मी विचारलं, म्हणजे सगळ्यांना माहीत होतं? ती म्हणाली, "अर्ध्या गावाला वाटत होतं पिस्तूल आहे. अर्ध्याला वाटत होतं हर्निया आहे. पिस्तूलवाले तुम्हाला भीत होते, हर्नियावाले जेवण पाठवत होते." मग ती प्रार्थना माझ्यासाठीच होती तर. मीसुद्धा किती कळवळून केली होती.

निघताना म्हटलं, माझं पिस्तूल तुमच्याच तिजोरीत राहू दे. तुम्ही हो म्हणेपर्यंत मला नको. ती म्हणाली, वर्ष लागेल कदाचित. लागू दे.

९ एप्रिल, बुधवार

सकाळपासून रबरी पिस्तूल लावून घरात फिरतोय. लवर्न अचानक म्हणते, "संडास," की मी जाऊन बसायचं आणि तिने दाराबाहेरून विचारायचं, कुठे आहे? गुडघ्यात, होल्स्टरमध्ये. चाप? झाकलेला. इतकं अचूक विचारते की जणू स्वतःच रोज हे करते. वर्गात एकदाच बसली, पण लक्ष होतं बाईचं.

पेझलीसाठी आणलेली नवी उशी अजून प्लास्टिकमध्येच आहे. आज ती दुकानात परत द्यावी म्हणून पिशवीत घातली. मग परत काढली. फोन दिवसभर माझ्यापुढे. न्याहारीला बशीशेजारी, दुपारी वर्तमानपत्रावर. मी बागेत गेलो तर लवर्न तिथे घेऊन आली. म्हणाली, "बोलणार आहेस की पेरणार आहेस?"

मी म्हटलं, सांगितलं तर पोर येणार नाही गं.

ती म्हणाली, "हो. कदाचित नाही येणार."

काही गोड बोलेल असं वाटलं होतं. पण ती तेवढंच बोलून शेजारी खुरपं घेऊन बसली. मी बराच वेळ माती उकरत राहिलो. डोक्यात तीच रांग येत होती. दारापर्यंत आलेली. त्या रांगेत मी प्रत्येक वेळी एकीलाच बघत होतो. जिच्यासाठी हे सगळं केलं तिला माझ्याचपासून सांभाळायला हवं, हे तिच्या आईला माहीत नको?

मग लावला.

रोंडाने पहिल्याच घंटेला उचलला. मी म्हटलं, मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं राहून जाईल. सगळं सांगितलं. संडासात काढून ठेवलं, विसरलो, भरलेलं होतं, ब्रदर वेंडेलना मिळालं. नेमाबद्दल मारलेली थापही सांगितली. म्हटलं, आता ते ग्लेनाच्या तिजोरीत आहे, तिथेच राहील. तू पेझलीला पाठवू नकोस. मी तुझ्या जागी असतो तर पाठवलं नसतं.

तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "डॅडी, रांगेतली मुलं पेझलीएवढीच होती ना?"

मी हो म्हटलं. रांगेचं तर मी अजून सांगितलंही नव्हतं. आईच ती, बरोबर तिथेच तिला टोचलं.

तिला रडू येत होतं की काय कळेना. म्हणाली, "शनिवारी सकाळी येतो आम्ही. तिची बॅग रविवारीच भरून दारात ठेवली आहे. ती तिच्यावर बसूनच जेवते. रोज विचारते, कधी निघायचं. मी सांगते, पापॉचा फोन आला की."

मी लवर्नकडे फोन दिला. दोघी बोलत बसल्या. मी इथे येऊन हे लिहितोय आणि उशी प्लास्टिकमधून काढायची आहे. पण एक गोष्ट काही केल्या उलगडत नाही. मी फोन करेन हे आज दुपारपर्यंत माझं मलाच माहीत नव्हतं. मग या पोरीने रविवारी कशाच्या भरवशावर बॅग भरली?